निरंक

सरकारी कचेरीच्या मराठीत एक शब्द आहे. वाङ्मयात त्याला कोणी विचारत नाही, कवितेत तो कधी आलेला नाही आणि प्रेमपत्रात तर येऊच नये. तो शब्द म्हणजे ‘निरंक’. वरून परिपत्रक येते : आपल्या हद्दीत या महिन्यात टोळधाड आली काय? पटकीचे रोगी किती? बेवारस गुरे किती? खालून उत्तर जाते, निरंक. म्हणजे काही नाही, शून्य, सगळे ठीक.

माझ्या उमेदीची तीसेक वर्षे अशाच कागदांच्या संगतीत गेली, म्हणून या शब्दावर माझे थोडे प्रेम आहे. आणि त्याचे एक गुपितही मला ठाऊक आहे. निरंक दोन जातींचा असतो. एक पाहून लिहिलेला आणि एक न पाहता लिहिलेला. शेतातून चार तास फिरून, पानापानाखाली डोकावून ‘कीड नाही’ म्हणणारा माणूस निरंक लिहितो. आणि पंख्याखाली बसून, मागच्या महिन्याचा कागद समोर ठेवून नक्कल करणाराही निरंकच लिहितो. कागदावर दोन्ही अक्षरे सारखीच दिसतात. फरक कळतो तो संकट आल्यावर.

यंदाच्या दिवाळीला मी तुम्हाला या शब्दाची एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती समुद्राची आहे.

आता तुम्ही म्हणाल, नरखेडच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे म्हणजे कमालच झाली! खरे आहे. आमचा तालुका नागपूर जिल्ह्याच्या अगदी वायव्य कोपऱ्यात. पलीकडे मध्य प्रदेश. संत्र्याच्या बागा, कापूस आणि वर्धा नदी ही आमची दौलत. मुंबईचा समुद्र इथून सरळ रेषेत धरला तरी साडेसहाशे किलोमीटरांच्या घरात. लेखाचा विषय मी चहाच्या टपरीवर बोलून दाखवला तेव्हा एक जण म्हणालेच, “काऊन जी मास्तर, आपल्या नरखेडले आगबोट लागते काय?” (मी मास्तर नव्हतो, पण लिहिणाऱ्या माणसाला आमच्याकडे मास्तरच म्हणतात.)

आगबोट लागत नाही. पण आगबोटीतून उतरलेले पाहुणे मात्र येतात, आणि ते विचारून येत नाहीत. त्यातला एक तर तुमच्याही दाराशी उभा असेल. पांढऱ्या बारीक फुलांचे ते गाजर गवत पाहा. मूळचे ते अमेरिका खंडातले. 1955 साली पुण्यात ते पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरले. परदेशी गव्हाच्या पोत्यांतून त्याचे बी आले, असे सर्वसाधारणपणे सांगतात. पोती बंदरात उतरली, आगगाडीत चढली, गावोगाव गेली. आणि गहू खाऊन संपला तरी गवत राहिले. आज आमच्या धुऱ्यावर ते आहे, शाळेच्या मैदानात आहे, रेल्वेच्या रुळांकडेला तर त्याचे राज्यच आहे. अंगाला लागले तर खाज, नाकात गेले तर दमा. एकेका झाडाला हजारो बिया. सत्तर वर्षे आपण ते उपटतो आहोत. त्यावर उपाय म्हणून 1980 च्या दशकात मेक्सिकोहून एक भुंगा आणून सोडावा लागला. तो आपले काम इमाने करतो, पण गवताचा वंश काही बुडत नाही.

मला नेहमी वाटते, ज्या दिवशी या गवताचे पहिले झुडूप कुठे उगवले, त्या दिवशी कोणीतरी वाकून ते पाहिले असते तर? दोन बोटांच्या चिमटीत मावणारे काम होते. पुढे ते लाखो हातांना आवरेना.

जमिनीवर एवढे होते, मग पाण्यात काय होत असेल? पाण्यात तर वाकूनही दिसत नाही.

माझा एक भाचा मालवाहू बोटीवर इंजिनियर आहे. संत्र्याच्या बागेत वाढलेला मुलगा, पण वर्षातले आठ महिने त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. गेल्या वर्षी तो घरी आला तेव्हा मी त्याला विचारले, “अरे, रिकामी बोट समुद्रात डगमगत नाही का रे?”

तो हसला. “मामा, रिकामी बोट रिकामी नसतेच. माल उतरवला, की आम्ही पाणी भरतो.”

हे मला पटायला वेळ लागला नाही, कारण बैलगाडीचे शास्त्र मला ठाऊक आहे. गाडीत मागच्या अंगाला ओझे जास्त झाले, की गाडी उलार होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेला फास लागतो. म्हणून जाणता गाडीवान ओझे पुढेमागे सरकवून तोल साधतो. बोटीचेही तेच. माल उतरला की ती पाण्यावर उंच तरंगते, तिचा पंखा पाण्याबाहेर डोकावू लागतो, वाऱ्याने ती कलते. तोल साधायला तळाशी वजन हवे. पूर्वी शिडाच्या जहाजांत दगड आणि वाळू भरत. त्याला मराठीत एक जुना, गोड शब्द आहे, नीरम. पुढे लोखंडी बोटी आल्या, पंप आले, आणि दगडांची जागा समुद्राच्या पाण्याने घेतली. मोठ्या बोटीच्या पोटात असे हजारो टन पाणी मावते.

“म्हणजे बघा,” भाचा म्हणाला, “एका देशात कोळसा उतरवला, तिथल्या बंदरातलं पाणी भरून घेतलं. दुसऱ्या देशात माल चढवायला गेलो, की ते पाणी तिथं सोडून दिलं. आतमध्ये काय काय होतं ते कोण पाहतो?”

आतमध्ये काय होते? तर त्या बंदराचे सगळे गोकुळच. माशांची अंडी, खेकड्यांची आणि शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले, शेवाळाचे कण, रोगजंतू. बरेचसे वाटेत मरतात, उरलेले नव्या बंदरात उतरल्यावर मरतात. पण एखादा चिवट जीव तग धरतो. नव्या गावात त्याला खाणारा शत्रू नसतो, त्याची खोड जाणणारा कोणी नसतो. मग तो पसरतो. आणखी काही जीव पाण्यातून न येता बोटीच्या तळाला बाहेरून चिकटून येतात. त्यांचे तिकीट तर आतल्यांपेक्षाही स्वस्त.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक जेलीसारखा पारदर्शक जीव असाच नीरमाच्या पाण्यातून काळ्या समुद्रात पोहोचला. त्याने तिथल्या माशांचे खाद्य आणि अंडी फस्त केली, आणि त्या दशकाच्या अखेरीस तिथल्या छोट्या माशांची मासेमारी कोसळली. कोळ्यांनी जाळी टाकावीत आणि जाळ्यात लिबलिबीत गोळे यावेत, असा तो काळ.

हे दूरच्या देशाचे झाले. आपल्याकडची गोष्ट याहून जुनी आहे.

एक शिंपला आहे. बोटाच्या पेराएवढा, काळसर पट्ट्यांचा. शास्त्रज्ञ त्याला मायटिलॉप्सिस सॅली म्हणतात. आपण त्याला काळ्या पट्ट्यांचा शिंपला म्हणू. त्याचे मूळ घर कॅरिबियन समुद्राच्या बाजूला, मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर. 1967 च्या सुमारास तो आपल्या विशाखापट्टणच्या बंदरात आढळला. पुढे तो मुंबईच्या नौदलाच्या गोदीतही सापडला, आणि 1975 साली करंदे आणि मेनन या शास्त्रज्ञांनी भारतीय बंदरांतला हा नवा आगंतुक म्हणून त्याच्यावर निबंध लिहिला. खारे पाणी त्याला चालते, पावसाळ्यातले मचूळ पाणी चालते, मळके पाणी तर विशेष आवडते. महिन्याभरात वयात येतो आणि हजारोंनी अंडी घालतो. धक्क्याचे खांब, बोटींचे तळ, तरते पिंप, समुद्राचे पाणी खेचणारे नळ, जिथे जागा मिळेल तिथे थरावर थर बसतो. खाली दबलेले गावचे जुने शिंपले आणि कालवे गुदमरून जातात.

आता प्रश्न असा, की तो मुंबईला नेमका कधी आला? कोणत्या बोटीने? पहिल्यांदा कुठल्या खांबावर बसला? उत्तर कोणापाशी नाही. कारण तो सापडला त्याच्या आधी, ‘या खांबावर आम्ही पाहिले आणि तो नव्हता’ असे ठरावीक काळाने लिहून ठेवण्याची पद्धतच नव्हती. म्हणजे पाहून लिहिलेला निरंक नव्हता. कळले तेव्हा पाहुणा घरचा झाला होता. आजतागायत तो गेलेला नाही.

याच शिंपल्याची दुसरी गोष्ट ऐका, म्हणजे मी कुठे चाललो आहे ते ध्यानात येईल.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन नावाचे शहर आहे. आसपासच्या समुद्रात मोत्यांच्या शिंपल्यांची शेती चालते, तिच्यावर पुष्कळांचे पोट आहे. त्या देशाने आपल्या बंदरांची पाण्याखालची पाहणी करायची पद्धत घातली होती. पाणबुडे उतरत, धक्क्याचे खांब खरवडत, सापडेल ते बाटलीत भरून आणत. 1998 साली त्यांनी डार्विनची पाहणी केली. आमच्या भाषेत सांगायचे तर अहवाल गेला, निरंक. सहा महिन्यांनी, 1999 च्या मार्चमध्ये, पाणबुडे पुन्हा उतरले आणि बोटी ठेवण्याच्या एका गोदीत त्यांना हा काळ्या पट्ट्यांचा शिंपला दिसला. दिसला कसला, चौरस मीटरला वीस हजारांच्या वर! सहा महिन्यांपूर्वी तिथे एकही नव्हता.

इथे त्या आधीच्या निरंकाची किंमत कळते. तो पाहून लिहिलेला होता, म्हणून सगळ्यांना एक गोष्ट ठामपणे ठाऊक होती : पाहुण्याला येऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त झालेले नाहीत. तो फार लांब गेला नसणार. या सहा महिन्यांत या गोदीतून कोणकोणत्या बोटी बाहेर पडल्या त्यांची यादी काढता येते. ती काढली. शेकडो बोटींचा माग लावून त्यांचे तळ तपासले. शिंपला एकूण तीन गोद्यांमध्ये निघाला. नशीब असे, की त्या गोद्यांना दारे होती; ती लावून घेतली आणि आतल्या पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले. आतला तो शिंपला मेला, आणि त्याच्याबरोबर आतले बाकीचे जिवंत प्राणीही मेले. ही किंमत काही लहान नव्हती. वीस लाख डॉलरांच्या वर खर्च आला. पण महिन्याभरात डार्विन मोकळे झाले.

एकच शिंपला. मुंबईत तो अर्धशतक ठाण मांडून बसला आणि डार्विनमधून महिन्यात हाकलला गेला. डार्विनच्या पाण्यात काही जादू नव्हती, औषधही साधेच होते. फरक एका कागदाचा होता. सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी प्रामाणिकपणे पाहून लिहिले होते, ‘काही नाही.’

म्हणून म्हणतो, ज्याला आपण रिकामा कागद समजतो तो कधीकधी सगळ्यांत भरलेला असतो.

आपल्याकडे मग काहीच झाले नाही का? झाले, आणि चांगले झाले. 2000 ते 2004 या काळात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नीरमाच्या पाण्याच्या प्रश्नावर एक मोठा उपक्रम चालवला. त्यासाठी जगातली सहा बंदरे निवडली : चीनचे डालियान, ब्राझीलचे सेपेटिबा, दक्षिण आफ्रिकेचे साल्डान्हा, युक्रेनचे ओडेसा, इराणचे खार्ग आणि आपली मुंबई. मुंबई म्हणजे जुन्या गोद्या आणि खाडीपलीकडचे न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर, दोन्ही. नौकानयन महासंचालनालयाने पुढाकार घेतला आणि गोव्यातल्या दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2001-02 च्या सुमारास बंदरातल्या जीवांची पाहणी केली.

ही पाहणी कशी करतात ते मला फार आवडले, कारण त्यात काही थाटमाट नाही. खांबांवरचे जीव मोजून-मापून खरवडायचे. तळातला चिखल लोखंडी पंजाने उचलून चाळायचा. बारीक जाळीची पिशवी पाण्यातून ओढून तरंगणारे कण गोळा करायचे. खेकड्यांसाठी सापळे लावायचे. आणि सगळ्यांत गंमत म्हणजे, कोऱ्या पाट्या दोरीने बांधून पाण्यात सोडायच्या आणि ठरावीक दिवसांनी वर काढून पाहायच्या, कोण येऊन बसले? आपण चिमण्यांसाठी खोका टांगतो तसेच हे. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाची ओळख पटवायची आणि यादीत तीन रकाने करायचे. एक गावचे, दोन परगावचे, आणि तिसरा रकाना ज्यांचे मूळ गाव कोणते हेच ठरत नाही अशांचा. बंदरे शेकडो वर्षे जुनी, बोटींची ये-जा तितकीच जुनी. त्यामुळे हा तिसरा रकाना नेहमी लांबलचक असतो. अलीकडे तर बादलीभर पाणी घेऊन त्यात कोणाकोणाच्या अंगाचे सूक्ष्म अंश तरंगतात, त्यावरूनही कोण येऊन गेले ते ओळखता येऊ लागले आहे.

हे ऐकून मला जुन्या काळचे गाव आठवते. परका माणूस मुक्कामाला आला की पोलीस पाटलाला कळायचे. पाटील त्याला हाकलत नसे, गूळपाणीही विचारत असे. पण कोण, कुठला, कशासाठी, हे चावडीवर माहीत असे. बंदराची ही पाहणी म्हणजे समुद्राची चावडी.

आता एक शंका तुमच्या मनात आली असेल, आणि ती रास्त आहे. परक्याला एवढे भ्यायचे कशाला? आपल्या स्वयंपाकघरातली मिरची परकी, बटाटा परका, टोमॅटो परका. आम्ही ज्याच्या जिवावर जगतो ते संत्रेही नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादकडून आणले असे सांगतात. या सगळ्या परक्यांनी आपले कल्याणच केले की!

केले. पण ते हाताला धरून आणलेले पाहुणे होते. त्यांना कोणीतरी ओळखत होते, पाणी घालत होते, आणि नको असते तर उपटून टाकता आले असते. नीरमाच्या पाण्यातून येणारा कोणी बोलावलेला नसतो आणि त्याला कोणी ओळखतही नसते. शिवाय परदेशातले ते सगळे वाईट आणि आपले ते सगळे सोज्वळ, अशी वाटणी निसर्गात नाही. आमच्या संत्र्यावर काळी माशी बसते, तिच्यामुळे पाने काजळी धरल्यासारखी काळी पडतात. आम्ही त्याला कोळशी म्हणतो. ही माशी मूळची आशियातली, म्हणजे आपल्याच बाजूची. 1913 साली ती जमैकात दिसली, 1935 साली मेक्सिकोत पोहोचली आणि तिने तिथल्या संत्रा-मोसंबीवाल्यांना रडवले. शेवटी 1949-50 च्या सुमारास ते लोक भारत-पाकिस्तानात आले, या माशीचे हाडवैरी असलेले बारीक किडे इथून घेऊन गेले आणि तिकडे सोडले, तेव्हा कुठे ती आटोक्यात आली. आपल्या धुऱ्यावर त्यांचे गवत, त्यांच्या बागेत आपली माशी. फिटंफाट म्हणा हवे तर. तेव्हा यात कोणा देशाला शिव्या देण्याचे कारण नाही. पाहुणा वाईट नसतो. दार उघडे आणि घर झोपलेले, हे वाईट.

दाराला कडी घालण्याचे काम जगाने उशिरा का होईना सुरू केले आहे. नीरमाच्या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 2004 च्या फेब्रुवारीत झाला. पुरेशा देशांच्या सह्या होऊन तो लागू व्हायला 8 सप्टेंबर 2017 उजाडला. आधी नियम असा, की बंदरात भरलेले पाणी भर समुद्रात, किनाऱ्यापासून दूर, बदलून घ्यायचे. किनाऱ्याचा जीव खोल समुद्रात जगत नाही आणि खोल समुद्रातला जीव किनाऱ्यावर जगत नाही, हे त्यातले साधे तत्त्व. आणि सप्टेंबर 2024 पासून या करारात येणाऱ्या बोटींना पाणी सोडण्यापूर्वी गाळून, अतिनील किरणांनी किंवा दुसऱ्या रीतीने शुद्ध करून ठरलेल्या मापात बसवावे लागते.

“मग झालं तर!” मी भाच्याला म्हटले होते.

तो म्हणाला, “मामा, यंत्र बसवलं म्हणजे काम झालं असं असतं का? गाळणी तुंबते, दिवे जातात, आणि गढूळ बंदरात तर यंत्र कुरकुरतंच. आणि बोटीच्या बाहेरून चिकटून येतो त्याचं काय? त्याला कुठली गाळणी लावणार?”

तात्पर्य, कडी घातली तरी पहारा हवाच. आणि पहाऱ्याची खरी अडचण अशी, की पहारा चांगला झाला तर काहीच घडत नाही. आणि जिथे काहीच घडत नाही तिथे पैसे कशाला खर्च करायचे, असे हिशेबनिसाला वाटू लागते. मोठी पाहणी एकदा होते. निधी असतो, परदेशी पाहुणे असतात, फोटो निघतात. कस लागतो तो दहाव्या वर्षी, जेव्हा त्याच खांबाशी त्याच महिन्यात पुन्हा पाणबुड्या उतरवायचा असतो आणि पुन्हा ‘काही नवे नाही’ एवढेच लिहायचे असते. या कंटाळवाण्या दहाव्या पाहणीवरच सगळी मदार आहे.

हे सगळे मी आज का सांगतो आहे? कारण आपल्या महाराष्ट्राच्या दारात एक नवे दार उघडते आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण येथे एक प्रचंड बंदर उभे राहायचे आहे. 2024 च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली, 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झाली. खर्च 76 हजार कोटींच्या घरात. बंदर व्हावे की न व्हावे, यावर तिथल्या कोळ्यांचा मोठा झगडा आहे. ज्यांच्या ताटातला घास जातो ते बोलणारच, आणि त्यांचे ऐकले पाहिजे. पण त्या वादात आज मी शिरत नाही. माझे म्हणणे त्याहून लहान आहे, आणि ते दोन्ही पक्षांना सारखेच लागू आहे.

जगाच्या कानाकोपऱ्यातून बोटी तिथे येणार, त्यांच्या पोटात आणि पाठीवर पाहुणे येणार. मुंबईच्या बाबतीत आपण हे म्हणू शकत नाही, की पहिली बोट आली त्या दिवशी पाण्यात काय होते ते आम्हाला ठाऊक आहे. वाढवणच्या बाबतीत म्हणू शकतो. पहिली बोट लागायच्या आत त्या खडकांची, त्या चिखलाची, त्या पाण्याची वही भरून ठेवता येते. परवानगीसाठी अहवाल लागतात आणि ते होतात. पण मी म्हणतो ती वही परवानगी मिळाल्यावर मिटायची नाही. बंदर चालेल तोपर्यंत दर वर्षी तिच्यात भर पडली पाहिजे. आणि ती भरताना शास्त्रज्ञांच्या जोडीला तिथल्या कोळ्यांना, ओहोटीला खडकांवर कालवे फोडणाऱ्या बायांना बसवावे. त्यांच्यासारखी नजर कोणत्या यंत्राला आहे? रोज त्याच खडकावर हात फिरवणाऱ्या बाईला नवा शिंपला पहिल्या दिवशी खटकतो. तिने तो आणून द्यावा आणि कोणीतरी तो मन लावून पाहावा, एवढीच व्यवस्था हवी. त्याला काही 76 हजार कोटी लागत नाहीत.

आणि समुद्रकाठी न राहणारे तुम्ही-आम्ही? आपलाही यात वाटा आहे. नागपूरला कंटेनरचा डेपो आहे. न्हावा-शेव्याचे कंटेनर तिथपर्यंत रेल्वेने येतात. म्हणजे विदर्भाच्या दारातही बंदराची एक पायरी आहेच. घरात काचेच्या पेटीत मासे पाळले असतील आणि त्यांचा कंटाळा आला असेल, तर पुण्य मिळेल म्हणून ते तलावात सोडू नका. काच चाटून साफ करणारा तो खरबरीत मासा दूर दक्षिण अमेरिकेतला. आपल्या नद्या-तलावांत तो माजला, की कोळ्याचे जाळे फाडतो. फुलांवर भाळून आणलेली जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या बागेत शोभेची होती; आज आपल्या कितीतरी तलावांवर ती हिरवी चादर पांघरून बसली आहे. परदेशातून येणाऱ्या लेकी-जावयांनी बॅगेत लपवून बी-रोपे आणू नयेत. कायदा यासाठीच 1914 पासून आहे.

आमच्याकडे बागेला नवी कलमे आणतात तेव्हा जाणता माणूस पानांकडे पाहत नाही. पाने कोणाचीही टवटवीत असतात. तो पिशवीतली माती चिमटीत घेतो, मुळी पाहतो, वास घेतो. कारण डिंक्या रोग झाडाबरोबर येत नाही, मातीबरोबर येतो. शंभरांतल्या नव्याण्णव पिशव्यांत काही नसते. तरी तो शंभरही पाहतो. कोणी विचारले, “काय सापडलं जी?” तर मान हलवून म्हणतो, “काई नाई.”

ते ‘काई नाई’ म्हणजे वीस वर्षांची बाग असते.

यंदाची लक्ष्मीपूजनाची पणती लावताना दाराबाहेर थोडा वेळ उभे राहून या न दिसणाऱ्या पहारेकऱ्यांची आठवण करा. बंदराच्या काळ्या पाण्यात उतरून खांब खरवडणारा पाणबुड्या, सूक्ष्मदर्शकावर डोळे शिणवणारी मुलगी, बोटीच्या पोटात यंत्राची गाळणी साफ करणारा कोणाचा तरी भाचा. त्यांचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, कारण त्यांच्या कामाचे फळ म्हणजे न घडलेली बातमी. सरकारदरबारी अशा माणसांच्या वेतनाचा, बोटीच्या डिझेलचा, बाटल्यांचा आणि वह्यांचा प्रश्न येईल तेव्हा एवढे जरूर म्हणा, की यांनी काही सापडवले नाही म्हणून यांचे पैसे कापू नका. त्यांनी पाहिले आणि मग लिहिले, एवढे पुरे आहे.

तुम्हा सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो. आणि पुढच्या वर्षभराच्या संकटांच्या रकान्यात तुमच्या घरी, नीट पाहून लिहिलेला, ‘निरंक’ असो.